नव्या डेकची मुलाखत आणि शैलाचा रिपोर्ट

शैलाचा बायोप्सीचा रिपोर्ट नऊ दिवस लॅबमध्ये पडून होता आणि ती तो आणायला जात नव्हती.

आज शैलाला हे जग सोडून एक वर्ष झालं.

तिच्या घरचे अजून माझे आभार मानतात. अक्कानं समजूत घातली म्हणून शैला दवाखान्यात गेली, असं सगळ्यांना सांगतात. मला ते ऐकवत नाही. म्हणून खरं काय झालं ते एकदा लिहून टाकते.

मी लातूरला टॅरो वाचते, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगते. क्लासेसच्या गल्लीत माझी खोली आहे. येतात त्या बहुतेक आया, आणि प्रश्न एकच, पोराचा मेडिकलला नंबर लागेल का.

शैलाचं पिको-फॉलचं दुकान माझ्या समोरच. लिंगायत घरातली ती, नमस्काराऐवजी 'शरणार्थ' म्हणायची. माझ्या धंद्याला ती "अक्काची रमी" म्हणायची.

त्या दुपारी कुरियरने माझा नवा डेक, पत्त्यांचा कोरा जोड, आला होता.

नवा डेक आला की मी आधी त्याची मुलाखत घेते. गिऱ्हाइकाचं काही विचारायचं नाही, फक्त त्याच्याबद्दल त्यालाच विचारायचं. तू कसा आहेस? तुझं बळ कशात? तुझी मर्यादा काय? असे सहा प्रश्न, एकेकाला एक पान. घरात नवी सून आली की चार दिवस आपण नुसतं बघत असतो ना, तसंच.

उदबत्ती लावली. तीन पानं काढून झाली. मर्यादेच्या प्रश्नाला आलं 'सन'. पिवळाधमक सूर्य आणि पांढऱ्या घोड्यावर उघडं बाळ.

मर्यादा विचारली आणि एवढं शुभ पान? याला गोड बोलायची खोड दिसते, असं मनात आलं.

तेवढ्यात शैला आली.

"काय करायलीस, अक्का?"

"रिपोर्ट आणलास?"

"न्हाई."

"शैला."

"आणला की खरं होतंय गं. तवर ती नुसती गाठ हाय."

साडेचार वाजले होते. लॅब सहाला बंद व्हायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाचीच्या लग्नाला देवणीला निघणार होती, चांगली पंधरा दिवसांसाठी.

लॅबवाल्यांना तिने मोबाइल नंबर मुद्दाम चुकीचा दिला होता. पावती तिच्या पर्समध्ये. मी हात पुढे केला तर तिने पर्स काखेत दाबली. नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं, आणि त्याला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलेली.

नऊ दिवस मी समजावलं होतं, रागावले होते, एकदा तिच्यासमोर रडलेही होते. माझ्याकडे आता काही शिल्लक नव्हतं.

मग तीच म्हणाली, "रमी काढ तुझी. पान चांगलं आलं तर आत्ता जाते. वाईट आलं तर पुन्हा इचारायचं न्हाई."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर होता.

खरंच विचारत होती.

अठ्ठ्याहत्तर पानं. त्यातलं कुठलंही येऊ शकत होतं.

टेबलावरची तीन पानं मी गोळा केली आणि 'सन' गड्डीच्या तळाला ठेवलं. लहानपणी लग्नघरात पत्ते कुटताना शिकलेली लबाडी कामाला आली. वरवर पिसत राहिले, तळाचं पान हलू दिलं नाही.

इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं.

पण कोरी पानं भलती गुळगुळीत. एक निसटलं आणि माझ्या पायाशी पडलं.

पिसताना आपणहून पडलेलं पान म्हणजे उत्तर, असं आमच्या टॅरोत मानतात.

'टेन ऑफ स्वोर्ड्स'. पालथा पडलेला माणूस आणि पाठीत दहा तलवारी.

मी त्याच्यावर पाय ठेवला.

ज्यांना मी रोज उदबत्ती ओवाळते, त्यातल्या एका पानावर पाय. वरून साडीचा घोळ सोडला.

आणि तळातून 'सन' काढून तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय हाय?"

"सूर्य. चांगलं आहे. सगळ्यात चांगलं."

"मागं सूर्यफुलं हायेत की."

"आहेत."

ती पानाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पायाखालचं पान सरकत होतं आणि मी टाच घट्ट दाबून बसले होते.

"चल मग," ती उठली. "ऑटो बघ."

ती चपला घालेपर्यंत मी पान उचललं, कपाळाला लावलं आणि गड्डीत कोंबलं.

रिपोर्ट वाईटच होता. पण डॉक्टर म्हणाले, अजून हातात वेळ आहे. देवणीचं लग्न राहिलं आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

मुलाखतीतले उरलेले तीन प्रश्न मी त्या डेकला कधी विचारलेच नाहीत. मला तोंडच नव्हतं.

चौथ्या केमोच्या वेळी, सलाईन चालू असताना, मी मन घट्ट करून बोलले.

"शैला, ते पान मी मुद्दाम काढलं होतं."

"ठाव हाय."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"खाली पडलेलं बी दिसलं होतं मला. पाठीत तलवारी घुसलेल्या. आन् तू त्याच्यावर पाय दिलास."

"मग गेलीस कशी तू?"

ती डोळे मिटून पडली होती.

"साध्या वहीला पाय लागला तरी तू पाया पडतीस, अक्का. आन् त्या पानावर पाय दिऊन बसलीस. म्हणलं, ही माझ्यासाठी एवढी भ्यालीय, मग मी एकटीच काऊन भिऊन राहू?"

त्यानंतर ती दोन वर्षं होती. दुकान उघडायची, गिऱ्हाइकांशी भांडायची, माझ्या आयांना दारातच "रमी आज बंद हाय" म्हणून परत पाठवायची.

दोन वर्षं मिळाली ना, असं लोक म्हणतात. मला कमी वाटतात. फार कमी वाटतात.

नऊ दिवस आधी गेलो असतो तर?

हे मी अजून कुठल्याच पानाला विचारलेलं नाही.

शरणार्थ, शैला.