जोडवाहिनीवरचा शेवटचा निरोप

काकांची निम्मी नोकरी म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं. हे काम पोपटालाही जमलं असतं, असं त्यांची मुलगी म्हणायची. पण पोपटाच्या चुकीनं खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतत नाही. नदीच्या अलीकडे एक वीज कंपनी, पलीकडे दुसरी, आणि दोन्हींना जोडणारी एक वाहिनी. एकीकडे वीज कमी पडली की दुसरीकडून घ्यायची. त्याआधी एका नियंत्रण कक्षानं दुसऱ्याला थेट फोनवर निरोप सांगायचा, ऐकणाऱ्यानं तो शब्द न् शब्द परत म्हणायचा, आणि सांगणाऱ्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय कुणी वाहिनी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या ब्रेकरला हात लावायचा नाही. सगळं रेकॉर्ड व्हायचं, म्हणून जादा बोलणं नाही. नावंही नाहीत.

अलीकडच्या कक्षात काका, पलीकडे बहुतेक दुपारी एक बाई असायच्या. आवाज जरा जाडसर, सर्दी झाल्यासारखा, घाई म्हणजे काय ते ठाऊक नसलेला. काकांची बायको गेली, रजा संपवून ते कामावर आले, तेव्हा पहिल्याच फोनवर निरोप सांगून झाल्यावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सावकाश म्हणा." कुणाकडून तरी त्यांना कळलं असणार. ते दोन शब्द काकांनी किती वर्षं पुरवून पुरवून वापरले, हे त्यांचं त्यांनाच माहीत. माणूस एकटा पडला की एवढ्याशावरही जगतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

मग दोन्ही कंपन्या एकत्र आल्या. नव्या कल्पनांना मिळून पैसा आणि जागा द्यायची असं ठरलं, आणि पहिलीच निवड झाली तिघा तरुण इंजिनिअरांच्या यंत्राची. छपरांवरच्या सौर पॅनेलची वीज मोठ्या बॅटऱ्यांत साठवायची, आणि कुठे कमी पडतेय ते पाहून यंत्रानंच वाहिनी जोडायची-तोडायची. फोनची गरज नाही. चाचण्यांत ते चुकेल म्हणून काकांनी मनातल्या मनात फार वाट पाहिली. पठ्ठ्या एकदाही चुकला नाही. नदीकाठच्या वस्तीतले दिवे जायचे थांबले होते, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडानं करणार?

"बाबा, शेवटच्या फोनवर नाव विचारून टाका," मुलगी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"कुणाचं?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पूल ओलांडला की त्यांचं ऑफिस. बस जाते."

"उगाच कसं जायचं?"

"म्हणून तर म्हणते, विचारा. भेटायचंय म्हणा सरळ."

काका उशीच्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घालत बसले. पण विचारायचं, हे त्यांनी पक्कं केलं.

शेवटच्या दुपारी कक्षात दोन्ही कंपन्यांचे साहेब उभे. फोन स्पीकरवर.

"जोडवाहिनी यंत्राच्या ताब्यात दिली आहे. यापुढे हाताने जोडणी करू नये," बाई म्हणाल्या.

"जोडवाहिनी यंत्राच्या ताब्यात दिली आहे. यापुढे हाताने जोडणी करावी," काका म्हणाले.

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस जन्मात कधी चुकला नव्हता.

"चूक. पुन्हा ऐका." बाईंनी निरोप पुन्हा सांगितला. काकांनी पुन्हा शेवट चुकवला. परत म्हणणं बरोबर येत नाही तोवर सांगणाऱ्याला फोन ठेवता येत नाही, हा नियम दोघांनाही पाठ होता.

मग बाईंनी तिसऱ्यांदा निरोप सांगितला, एकेक शब्द सुटा करून, फार हळू. पलीकडे समजलं होतं. पण एवढ्या माणसांत 'भेटायचंय' हा शब्द काही तोंडातून निघेना. शेवटी त्यांनी निरोप बरोबर म्हटला.

"बरोबर," बाई म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. मागून कुणीतरी फोटोसाठी त्यांना नावानं हाक मारली. "आले," त्या म्हणाल्या, आणि लाइन बंद झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

घरी मुलीनं दारातच गाठलं. "विचारलंत?"

"नाव कळलं."

"मग उद्या जा की बसनं."

काका चपला काढता काढता थांबले.

"जाईन गं," ते म्हणाले. "पण जाऊन सांगू काय? निरोप तर आता एकही उरला नाही."