गच्चीपर्यंत जाता येईल असा सिनेमा

कापसाच्या दिवसांत राळेगावकडून कुणी घरी आलं की त्याच्या कपड्यांना कापूस चिकटून येतोच, त्यानं आणलेला नसतो तरी! आमच्या रविवारच्या सिनेमांचं तसंच आहे. आम्ही बसतो भुताखेतांचे, परग्रहांचे सिनेमे पाहायला आणि अंगाला चिकटून येतात ते किस्से. सिनेमांची नावं केव्हाच विसरले, किस्से तेवढे राहिले.

आम्ही म्हणजे चौघं. वाघमारे सर, निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्या पत्नी सुलभाताई. एसटीत कंडक्टर असलेला प्रमोद. आणि वाचनालयात काम करणारी मी, सरांची भाडेकरू. रविवारी जेवणं झाली की यवतमाळातल्या सरांच्या हॉलचे पडदे ओढायचे, कूलर लावायचा आणि घरी बसून पाहण्यासारखा एक थरारपट पाहायचा. मग त्याचं परीक्षण मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करायचं आणि ग्रुपवर सोडून द्यायचं. तिथून ते गावोगाव फिरतं.

आम्ही स्टार-बिर देत नाही. सिनेमा संपला की एकेकानं एकटं गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे आणायचे. जो गच्चीवर जाऊन आला त्याच्या लेखी सिनेमा ‘गच्ची’, म्हणजे लेकराबाळांत खुशाल पाहा. स्वयंपाकघरात पाणी पिऊनच परतला तर ‘स्वयंपाकघर’. आणि जागचा हललाच नाही तर ‘हॉल’! भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, मी दोनदा ‘हॉल’ दिलेला आहे. लाज कसली!

नियम एकच. शेवट सांगायचा नाही. रेकॉर्डिंग सुलभाताईंच्या मोबाईलवर होतं आणि कुणाची जीभ शेवटाकडे घसरली की ताई ते तिथल्या तिथे पुसून टाकतात.

या सगळ्यात एक घोर होता, सरांच्या हृदयाचा. डॉक्टरांनी नागपूरला जाऊन ऑपरेशन करून घ्या म्हणून बजावलं होतं. सर म्हणायचे, “पुढच्या रविवारचा सिनेमा होऊ दे, मंग जाऊ.” रविवार काही संपत नाहीत. ताई मात्र दर रविवारी सिनेमा कमी आणि सरांचा चेहरा जास्त पाहायच्या.

*

प्रमोद तिकिटं फाडता फाडता सिनेमे सांगतो. एकदा राळेगावच्या गाडीत त्यानं एका भुताच्या सिनेमाची गोष्ट सुरू केली. वाड्यात चार भाऊ, त्यातला एक मेलेला, पण कोणता ते कुणालाच ठाऊक नाही! गाडी एकदम चिडीचूप. ड्रायव्हरनंसुद्धा हॉर्न वाजवणं सोडलं होतं म्हणे.

एका आजीबाईंचा फाटा आला. गाडी थांबली. आजी उठेनात.

“आजी, उतरा ना! तुमचा फाटा आला.”

“भूत कोण हाय ते सांग आधी. सांगल्याशिवाय मी नाही उतरत!”

“आमच्यात शेवट सांगत नाहीत, आजी.”

“मंग चालू दे गाडी,” म्हणाल्या आणि पदर सावरून खिडकीला टेकल्या. प्रमोदनं पुढच्या स्टॉपचं तिकीट फाडलं. आजी राळेगावपर्यंत गेल्या, त्याच गाडीनं परत आल्या, आणि तरी प्रमोदनं शेवट सांगितला नाही. उतरताना आजी म्हणाल्या, “तूच हायस तो मेलेला!”

*

दुपारचा सिनेमा म्हणजे अर्धा पडद्यावर आणि अर्धा पापणीआड. पोटात वरण-भात, नाकात वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आणि कूलरची घरघर. डोळा लागतोच. पण परीक्षकानं झोपणं बरं दिसत नाही म्हणून कुणी कबूल करत नाही.

अशाच एका परग्रहाच्या सिनेमावर सर भरभरून बोलले. त्यातही त्यांना एक प्रसंग फार आवडला होता. तळ्याच्या तळाशी एक शाळा असते. घंटा होते, आवाजाचे बुडबुडे वर जातात आणि पोरं पाठीवर दप्तरं घेऊन पोहत पोहत वर्गात येतात. हजेरी घेताना कुणी बोलत नाही, नुसता हात वर करतं. सर सांगत होते आणि मला ते सगळं दिसत होतं.

दोन दिवसांनी फुलसावंगीहून एका कृषी केंद्रवाल्या भाऊंचा निरोप आला. “सर, शिनेमा दोनदा पाह्यला. ते पाण्यातली शाळा कुठं हाय? मले तं नाही दिसली.”

आम्ही सिनेमा पुढेमागे करून शोधला. शाळा नाही. तळंसुद्धा नाही! प्रमोद म्हणाला, “मले काय विचारता? मी तं झोपलो होतो.” मीही झोपले होते. सरांचा चेहरा उतरला. आयुष्यभर पोरांना ‘पुराव्याशिवाय बोलू नका’ असं शिकवलेला माणूस! त्यांनी सरळ उत्तर पाठवलं, “ती शाळा माझ्या झोपेत होती. क्षमस्व.”

लगेच भाऊंचा निरोप, “हरकत नाही सर. त्याचा पुढचा भाग कधी हाय?”

*

सुलभाताईंना भुताचं भय नाही, त्यांना राग आहे. एका सिनेमात विहिरीतून निघालेली बाई ओल्या पायांनी घरभर फिरते. आम्ही तिघं उशा छातीशी धरून बसलेलो. ताई कळवळून म्हणाल्या, “आत्ताच पुसली असन ना फरशी त्या घरच्या पोरीनं!”

त्या आठवड्याचं परीक्षण ताईंनीच केलं. सगळं मिळून इतकंच होतं, “भूत मेहनती आहे. घरात मात्र कोणी झाडू मारत नाही. गच्ची.”

*

एकदा मागच्या-पुढच्या काळात जाणाऱ्या यंत्राचा सिनेमा होता. संपल्यावर कुणी पडदे उघडले नाहीत. सर म्हणाले, “समजा ते यंत्र इथं ठेवलं. कुठं जाल?”

प्रमोद राजूरचा. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते, आता नाहीत. तो म्हणाला, “मी राजूरले जातो. बाबा ड्युटीवरून येऊन राह्यले. सगळे काळे, नुसते दात दिसून राह्यले. मी म्हणतो, बाबा, पाह्यलं का मी एसटीत लागलो ते.” एवढं बोलून तो कूलरकडे पाहत बसला.

“आणि तू, सुलभा?”

“मी मागं नाही जात. पुढच्या वर्षीच्या रविवारी जाते. या हॉलात कोण कोण बसलं हाय ते पाह्यते आन् येते.”

सर हळूच म्हणाले, “पुढच्या रविवारी कोणता लावायचा?”

*

आणि मग तो यानात एकट्या राहिलेल्या माणसाचा सिनेमा. यान भरकटलेलं. त्याचा आवाज पृथ्वीवर पोचत नाही. बायको रोज संध्याकाळी रेडिओपाशी बसून त्याला दिवसभराचं सांगते, ऐकू जातं की नाही तिला माहीत नाही. त्या दिवशी चौघांपैकी कुणीही झोपलं नाही. शेवटाकडे यान वळू लागलं आणि सर पुढे सरकून बसले. एक हात छातीवर होता, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

सुलभाताई उठल्या आणि त्यांनी टीव्हीचं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

“अवं, हे काय! आता तं शेवट हाय!”

“शेवट नागपूरवरून आल्यावर.”

“थोडासाच राह्यला, सुलभा!”

“मलेबी पाह्यचा हाय. तुमच्या संगंच पाहीन.” मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हीबी कोणी पाह्यचा नाही. माही शपथ हाय.”

शेवट न पाहता राहणं हे सरांच्या कुंडलीतच नाही. त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला पोचलो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सरांना स्ट्रेचरवरून आत न्यायला निघाले. चष्मा काढलेला, त्यामुळे चेहरा अगदी लहान मुलासारखा दिसत होता. दाराशी त्यांनी ताईंचं बोट धरलं.

“सुलभा, एक सांग ना. येते का तो घरी?”

ताईंनी तो शेवट पाहिला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. आणि पाहिला असता तरी त्या कधी शेवट सांगत नसत. त्या वाकल्या. म्हणाल्या, “येते. दारात उभा राह्यते. बायको म्हणते, हातपाय धुवा, चहा टाकते.”

“सांगतला ना शेवट! नियम मोडला तुनं!” सर हसले, आणि दार लागलं.

ताई बाकावर बसल्या. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. “मले लय भेव लागून राह्यलं, बाई,” एवढंच म्हणाल्या. मलाही लागलं होतं.

सर परत आले. हिंडूफिरू लागल्यावरच्या एका रविवारी आम्ही पडदे ओढले, कूलर लावला आणि जिथे थांबला होता तिथून सिनेमा सुरू केला. यान पुरतं वळलंच नाही. बायकोचा आवाज बारीक बारीक होत गेला, मग नुसत्या चांदण्या राहिल्या, आणि सिनेमा संपला.

कुणीच गच्चीवर गेलं नाही. ताई आपल्या हातांकडे पाहत बसल्या होत्या.

सरांनी चष्मा पुसला. “लाव रेकॉर्डिंग,” म्हणाले. ताईंनी मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

“नमस्कार. सिनेमा संथ आहे, पण मन लावून पाहा. आम्ही शेवट सांगत नसतो. आज सांगतो. तो घरी येते. बायको चहा टाकते.”

प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे.

ताईंनी ते पुसलं नाही. आमच्याकडे न पाहता त्यांनी ते ग्रुपवर पाठवून दिलं.