कोपऱ्यात बसणारा बॉक्स

तिसगावात येऊन मला बरीच वर्षं झाली, तरी कटर सुरू झाला की माझी पाठ अजून ताठ होते. कटर म्हणजे आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपातलं लाकूड कापायचं मशीन. प्लायच्या टेबलाला खालून उलटं आवळलेलं, आणि फटीतून पातं तेवढं वर आलेलं. त्या पात्यानं माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापर्यंत नेलं. फळीत गाठ लागली, फळी उलटी उडाली आणि हात नको तिथं गेला. पुढचं मला नीट आठवत नाही.

मी धानाच्या मुलखातला, पार चंद्रपूरच्या पलीकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. कुणाच्या तरी ओळखीनं इथं आलो आणि वर्कशॉपच्या मिस्त्रींनी कामाला ठेवून घेतलं. बोट गेलं त्या दिवशी त्यांनी खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला, मला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी धरलं, आणि नगरच्या दवाखान्यापर्यंत गाडी कुठं थांबवली नाही. नंतर कितीतरी दिवस वहिनी मला भाकरी कुस्करून देत होत्या. माझ्या आईला फोनवर त्याच सांगायच्या, "पोरगं बरं हाय, जेवतंय." बोट गेल्याचं त्यांनी सांगितलं नाही, कारण मी हात जोडले होते. हे उपकार फिटण्यातले नाहीत.

हात बरा झाला, पण मी कटरजवळ जाईना. घासकाम, पॉलिश, स्क्रू मारणं, सगळं करायचो. कापायचं आलं की मला पाणी प्यायला जावंसं वाटायचं. मिस्त्री काही बोलत नव्हते, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

मग ड्रायव्हर काका आले. एसटीतून निवृत्त झालेले, वस्तीवर राहणारे. बगलेत जुन्या साड्यांत गुंडाळलेला बारा इंची स्पीकर.

"याला घर करून द्या. कोपऱ्यात बसंल असं."

"कोपऱ्यातच कामून?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती घुमत्यात, आवाज लई मोठा येतो म्हनं. जलम गेला इंजिनापाशी. आता घरात इतकं गप हाय की झोपच लागत न्हाई."

"म्हंजी काकू घोरत न्हाईत व्हय?"

"घोरती, पन इंजिनासारकं न्हाई."

काका गेल्यावर मिस्त्रींनी स्पीकर माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "हा बॉक्स तू एकट्यानं करायचा. मला कापनारा मानूस लागतो, पॉलिशवाला न्हाई. जमलं न्हाई तर दिवाळीला घरी जाशील. परत येऊ नको असं मी म्हननार न्हाई, पन तूच येनार न्हाईस."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. घरी जाऊन मी काय करणार होतो? आणि इथल्यासारखी माणसं मला दुसरीकडं कुठं भेटणार होती?

मोबाईलवर असल्या बॉक्सचे व्हिडिओ होते, पण बोलणं इंग्रजीतलं. मी आवाज बंद करून नुसते हात बघितले. वरून पाहिलं तर बॉक्स तिकोनी. दोन बाजू दोन भिंतींना टेकलेल्या, तिसरी पुढं, तिच्यात स्पीकर. काकांच्या घरी जाऊन भिंतींची मापं आणली आणि फ्रिजचा पुठ्ठा जमिनीवर पसरून मी खऱ्या मापाचं चित्र काढलं. पहिल्यांदा स्पीकरचं मागचं लोहचुंबक मागच्या कोनात अडकत होतं. बॉक्स मोठा केला. मग तो दाराच्या आड येतोय असं ध्यानात आलं. पुन्हा लहान केला, पण उंची वाढवली. चित्र काढताना भेव वाटत नव्हतं, कारण पेन्सिल उलटून उडत नाही.

पण चित्र पुरं झालं आणि मला कळलं, की या बॉक्सला सरळ कड फारशी नाहीच. पुढच्या फळीच्या उभ्या कडा तिरक्या कापल्याशिवाय ती बाजूंना भिडणार नव्हती. तिरकं कापायचं म्हणजे पातं तिरकं करायचं, आणि तिरक्या पात्यावर फळी धरून ठेवायची. मी हातकरवत घेतली. एक कड कापली. तिला कुत्र्यानं कुरतडल्यासारखे दात आले.

मिस्त्री बघत होते. "तुमच्या मुलखात असंच कापत्यात का?"

"मले भेव लागते," मी म्हणालो. भ्यायलो की माझ्या तोंडून गावचीच बोली येते.

"मला बी लागतं. तुला काय वाटलं?" ते उठले. "चल, मी स्विचवर थांबतो."

ते स्विचवर बोट ठेवून उभे राहिले. मी फळी हातानं न ढकलता लांब पट्टीनं ढकलली. शर्ट पाठीला चिकटला. कडा निघाल्या. स्क्रू मारून बॉक्स उभा केला. सरस लावला नाही, आधी जागेवर बसवून बघायचं ठरलं.

टेम्पोतून बॉक्स वस्तीवर नेला. काकूंनी कोपऱ्यातली गोधड्यांची पेटी सरकवली, आम्ही बॉक्स आत ढकलला, आणि तो अडकला. पुढच्या कडा भिंतींना लागल्या, पण मागचा कोन भिंतीपासून चार बोटं लांबच.

मिस्त्रींनी कोपऱ्यात गुण्या लावला. काटकोनी पोलादी गुण्या तिथं बसेचना. कोपरा काटकोनापेक्षा आवळलेला होता, आणि गवंड्यानं गिलावाही जाड थापला होता. मी आधी मापं घ्यायला आलो तेव्हा दोन्ही भिंतींची लांबी मोजली होती, पेटी मात्र हलवलीच नव्हती. सगळं ध्यान त्या पात्यात होतं. कापायचं भेव इतकं, की कोपरा बघायचाच राहून गेला.

"भित कापायची का आता?" काकांनी विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. तिन्ही फळ्यांच्या कडा परत कापायच्या होत्या.

दोन पट्ट्यांना एक स्क्रू मारून मी त्या कोपऱ्यात कात्रीसारख्या उघडल्या, भिंतींना टेकवल्या आणि स्क्रू आवळला. तो कोन तसाच उचलून वर्कशॉपात आणला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री लाकूड बघायला शेवगावला निघाले. मुद्दाम निघाले का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

बॉक्सचे स्क्रू काढून तिन्ही फळ्या टेबलाशेजारी मांडल्या. पातं त्या पट्ट्यांवरून बघून हवं तेवढं तिरकं केलं. मग नुसताच उभा राहिलो. टेबल झाडलं. परत झाडलं. शेवटी मिस्त्रींच्या घरात उघडणाऱ्या मागच्या दाराशी जाऊन हाक मारली, "वहिनी, जरा स्विचवर थांबता का?"

त्या दारातच थबकल्या. "मी? मला त्या मशीनीचं तोंड बघवत न्हाई रे. त्या दिशी माझं सगळं लुगडं..."

"मी ओरडलो की बंद करायचं. एवढंच."

"बरं. मी डोळे मिटून उभी राहते."

"डोळे मिटू नका, वहिनी!"

"मग तू बी मिटू नको," त्या म्हणाल्या आणि स्विच दाबला.

पातं किंचाळलं. फळी लागली तसा आवाज जाड झाला, आणि एका जागी एकदम पातळ. तिथं गाठ होती. माझ्या नसलेल्या बोटात कळ गेली. फळी दाबून धरली, पट्टीनं सावकाश ढकलली, आणि ती पलीकडं गेली. मी "बंद" म्हणालो ते वहिनींना ऐकूच गेलं नाही. त्या स्विचकडं नाही, माझ्या हातांकडं बघत होत्या, ओठ हलवत. बोटं मोजत होत्या बहुतेक.

राहिलेल्या कडा तशाच झाल्या. प्रत्येक वेळी तेवढंच भेव वाटलं.

या वेळी सरस लावला, आत कापूस भरला, आणि बॉक्स कोपऱ्यात गेला तो भिंतीतूनच उगवल्यासारखा बसला. काकांनी भजन लावलं. पखवाजावर थाप पडली आणि फळीवरची भांडी बारीक किणकिणली. काका तोंड उघडं टाकून बसले. काकू म्हणाल्या, "झालं! आता ह्ये गाडी घरातच चालवनार." मी बॉक्सवर हात ठेवून उभा होतो. बॉक्स थरथरत होता.

मिस्त्रींनी कडांवरून अंगठा फिरवला.

सकाळी वर्कशॉपात गेलो तर टेबलावर दाराच्या फळ्या ठेवलेल्या, पेन्सिलीनं खुणा करून. "ह्या कापायला घे," मिस्त्री म्हणाले, आणि चहाला निघून गेले.

मी फळ्यांकडं बघितलं. त्यांच्यातल्या गाठी बघून ठेवल्या. मग मागच्या दाराशी गेलो.

"वहिनी, जरा येता का?"

"आता रोजचंच का रे हे?" आतून आवाज आला. पिठाचे हात पदराला पुसत त्या आल्या आणि स्विचपाशी उभ्या राहिल्या. "चालू करा" म्हणायला मला बराच वेळ लागला. तोवर त्या थांबल्या.