मॉनिटरची शिट्टी आणि मुकी घुंगरं

अक्षर माझं कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत शिकले तेवढंच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. तोंडानं मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

मी घरी पैंजणाची घुंगरं निवडते. हुपरीचे व्यापारी पिशवी आणून देतात. एकेक घुंगरू कानाशी हलवायचं, वाजलं तर ठेवायचं, मुकं निघालं तर बाजूला टाकायचं. इतक्या वर्षांत माझी पिशवी कधी परत आली नव्हती.

मुलीला ऐकून टाइप करायचं काम मिळालं म्हणून नवऱ्यानं राजारामपुरीतल्या एका दुकानातून चार हजारांना वापरलेला मॉनिटर आणला. त्या दिवसापासून घरात बारीक शिट्टी सुरू झाली. डासापेक्षा बारीक, पण न थांबणारी.

"मला काय ऐकू येत न्हाय," नवरा म्हणाला. "घुंगरं ऐकून ऐकून एखादं तुझ्या डोक्यातच बसलंय."

मुलीला विचारलं. "येतोय की बारीक. त्यात काय एवढं?" म्हणाली आणि तिनं हेडफोन लावले. तिचं काम हेडफोनवरच चालायचं. माझं कानावर चालतं, हे कुणाच्या ध्यानातच येईना. घर एका खोलीचं. दारात बसावं तर रिक्षांचा गलका.

मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, चार्जर काढले. शिट्टी तशीच. मॉनिटरचं बटण दाबलं की गप्प. म्हणजे तोच. नवरा कुरकुरत तो गोधडीत गुंडाळून रिक्षानं दुकानात घेऊन गेला. मीही गेले. तिथं लावला तर आवाजच नाही! दुकानदार हसला. "पावणं, माल झ्याक हाय. वैनींचे कान दाखवा डॉक्टरला. न्हायतर घरचं वायरिंग बघा." मी मान खाली घालून परत आले. घरी लावला, पुन्हा शिट्टी. वायरमन आणला, त्याचे तीनशे गेले. शिट्टी गेली नाही.

मग पिशवी परत आली. तिच्यात अकरा मुकी घुंगरं निघाली होती. "वैनी, आणि एकदा असं झालं तर पिशवी दुसरीकडं द्याय लागंल," व्यापारी म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणूनच जास्त लागलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारातून ऊन थेट मॉनिटरवर आलं. मुलीला काही दिसेना, तिनं उजेड वाढवला. आणि शिट्टी थांबली. हातातलं घुंगरू लख्ख वाजलं.

"उजेड कमी कर बघू," मी म्हणाले. शिट्टी आली. "वाढव." गेली. मला माझाच राग आला. आणल्या दिवशी मीच सांगितलं होतं, उजेड बारीक ठेव, वीज कमी जाईल. कंदिलाची वात बारीक करावी तसं. दुकानात दुकानदारानं उजेड पूर्ण वाढवून लावला होता. तिथं कसा वाजेल? घरी तसाच ठेवावा तर मुलीच्या डोळ्यांतून पाणी.

पुन्हा गोधडी, पुन्हा रिक्षा. दुकानदारानं उजेड कमी केला, कान लावला. "न्हाय ओ वैनी, काय बी येत न्हाय."

अनोळखी माणसाच्या तोंडाकडं बघून मला बोलता येत नाही. मी भिंतीकडं तोंड केलं. म्हणाले, "तुम्ही उजेड पाहिजे तसा करा. कमी केला का जास्त, मी इथनं सांगते."

"कमी," म्हणाले. "जास्त. कमी. आता काहीच केलं न्हाय तुम्ही." त्यानं नुसतं बटणावर बोट ठेवलं होतं. आठ-दहा वेळा झालं, एकदाही चुकलं नाही. माझ्या मागं नवऱ्याचं हसू फुटलं. "आता कुणाचे कान दाखवायचे डॉक्टरला?"

दुकानदारानं मॉनिटरची वायर काढली. मग म्हणाला, "बरं. पाचशे कापून पैसे परत देतो. वापरलाय की तुम्ही."

नवरा घ्यायला निघाला होता. मी भिंतीकडंच तोंड ठेवलं. "मी पिशवीतलं मुकं घुंगरू परत दिलं तर व्यापारी माझं कापत न्हाईत," म्हणाले. "पुरे द्या."

मागं गल्ल्याचा आवाज झाला. नवऱ्यानं नोटा माझ्या हातात दिल्या तेव्हाच मी वळले. मोजल्या. चार हजार पुरे होते.