मधलं चाक

माझा मामा घड्याळजी झाला तो एका माणसामुळे. कॉलेजातले गणिताचे सर. मामाने कॅल्क्युलसच्या पेपरात डीवाय बाय डीयू गुणिले डीयू बाय डीएक्स लिहिलं आणि वरच्या-खालच्या दोन्ही डीयूंवर अपूर्णांकासारखी सरळ काट मारली. उत्तर बरोबर आलं. सरांनी शून्य दिलं, वर भर वर्गात म्हणाले, "हे अपूर्णांक नव्हेत. अक्कल गहाण ठेवलीस का?" दोन मार्कांनी मामा नापास. पेपर घेऊन तीनदा त्यांच्या दारात गेला. तिन्ही वेळा एकच, "उद्या ये." मग कॉलेजच सोडलं. पेपर मात्र जपला, आणि डूखही धरला.

मी त्याच्या दुकानात काउंटरला बसते. तीस वर्षं हा माणूस जेवतानाही तेच गणित चघळतोय. मामीने हात टेकले.

परवा सर स्वतः आले, भिंतीवरचं घड्याळ घेऊन. "बायकोची आठवण आहे. बंद पडलंय." मामाला ओळखलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं.

मामाने घड्याळ उघडलं. "मधलं चाक पहिल्याच्या तिप्पट फिरतं, शेवटचं मधल्याच्या दुप्पट. मग शेवटचं पहिल्याच्या किती पट?"

"सहा."

"मधलं कुठे गेलं?"

"कटलं," सर बोलून गेले आणि त्याला निरखू लागले.

"चाकांची पट बदलत नाही, गणितात बदलते," मामा म्हणाला. "म्हणून एक्सचं पाऊल बारीक घ्यायचं. पण ते पाऊल शून्य होईपर्यंत तो खराखुरा अपूर्णांकच असतो, मधलं कटतं. पुढे पाऊल आणखी बारीक करत नेलं तरी तो गुणाकार टिकतो."

सरांची मास्तरकी जाईना. "आणि मधलं हललंच नाही तर? शून्याने भागणार?"

मामा याचीच वाट बघत होता. "मग शेवटचंही हलत नाही. भागायचंच नाही, दोन्हीकडे शून्य."

त्याने पिवळा पडलेला पेपर आणि लाल पेन पुढे सरकवलं. सरांनी दोन मार्क वाढवले, सही केली. "कारण लिहायला हवं होतंस."

"विचारायला हवं होतंत."

"घड्याळ?"

"उद्या या."

काल आले, तेच ऐकून गेले. आज तिसऱ्यांदा गेले. घड्याळ परवापासून चालू आहे. मी म्हटलं, "मामा, आता पुरे."

"चौथ्यांदा आले तर देईन," तो म्हणाला. "मी नव्हतो गेलो."