दातायच्या चिठ्ठ्या

शाळेत मी गेलो नाही, पन नकला अशा करो का लोक जेवन सोडून पाहाले येत. नागपुरात आमच्या वस्तीत माह्याएवढं तोंड कोनाचंच चालत नव्हतं. अन् नेमकं तेच बंद झालं.

कॉलेजातले एक सर जीप घेऊन आले. मानसायची हाडं अन् दात तपासाचं त्यायचं शिक्षन. वस्तीतल्या पिंपयाच्या झाडाखाली टेबल मांडलं. लोखंडी चिमट्यानं डोकं मोजे, नाक मोजे. मंग गुलाबी लगद्यानं भरलेली वाटी तोंडात दाबून दातायचा साचा घे. साच्याले दोऱ्यानं चिठ्ठी बांधे. नाव, वय, जात.

शेजाऱ्यायचे साचे झाले, मायचा झाला. मंग मी हौसेनं पुढं. सरानं वाटी कोंबली अन् म्हने, "लगदा घट्ट होईपर्यंत बोलू नकोस." बसलो तोंड वासून, हनुवटीवरून लाय गायत.

चिठ्ठी लिवनाऱ्या पोरानं मायले इचारलं, "जात?"

"बौद्ध लिव, बापू."

सर म्हने, "ती नाही. आधीची सांग."

"आधीची आमी टाकून देल्ली, सायेब."

"तू टाकलीस म्हणून दात बदलले का, बाई? लिही रे जुनीच. ह्याचीही तीच." अन् तो शब्द बोलला. पोरानं दोन्ही चिठ्ठ्यायवर तोच लिवला.

सराच्या मायच्या वयाची माही माय, तिले तू म्हने. दीक्षा घेतली तवा तिनं घरातले देव पोत्यात भरून नदीत शिरवले होते. तवापासून तो शब्द आमच्या घरात कोनी काढला नव्हता. अन् हा तिच्या दाताले बांधून राहिला.

मी उठलो. चांगल्या ठेवनीतल्या शिव्या देल्ल्या, तं गॉं गॉं निंगालं. लोक पोट धरून हासले.

"वा गा, हंबरत्या हेल्याची नक्कल का हे?"

जितका चिडलो तितके हासले. एकजन टाया वाजवे. वाटी ओढतो तं निंगे ना.

माय नाही हासली. टेबलापाशी गेली अन् आपल्या साच्याची चिठ्ठी तोडली. माही वाटी एकदाची निंगाली, तशी मीही चिठ्ठीले हात घातला. पन मले वाचता येते कुठी? कोनती माही, कोनती शेजाऱ्याची? मंग सगळ्याच तोडल्या, फाडल्या.

सर ओरडले, "गाढवा, आता कोणाचे दात कोणते, कसं कळणार?"

माय म्हने, "दात पाहा ना, सायेब. त्याच्यावर लिवलं असंन."

सरानं साचे तसेच बिनचिठ्ठीचे पेटीत फेकले अन् जीप गेली.

दुसऱ्या दिवशी चाच्या टपरीवर लोक म्हने, "कालची नक्कल दाखव ना गा."

मी म्हनलं, "ती नक्कल नव्हती. शिव्या होत्या."

तं त्यालेही हासले.