थांबायचे कपडे

इस्त्रीकाकूंना चुरगळलेल्या कपड्यांत पाहिल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. उभा जन्म इस्पितळाच्या धोबीखान्यात गेला. चादरींच्या घड्या घालता घालता स्वभावालाही एक कडक घडी पडली होती, आणि ती निवृत्तीनंतरही मोडली नाही. जीभ अशी की भाजीवाला त्यांना लांबून पाहूनच सडके टोमॅटो बाजूला काढायचा.

निवृत्तीनंतर दोन महिने त्या घरात बसल्या आणि घरातल्यांना नकोसं करून सोडलं. मग एक दिवस नवऱ्याच्या माघारी बंद पडलेलं सायकल दुरुस्तीचं दुकान उघडलं, झाडलं, त्यात एक जुनं कपडे धुण्याचं मशीन बसवलं आणि दर सोमवारी ज्यांना घर नाही त्यांचे कपडे फुकट धुवायला लागल्या. कुणी पुलाखाली झोपणारं, कुणी निवाऱ्यात रात्र काढणारं, कुणी मार खाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडलेलं. हे कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बसून हाडं गंजतात." खरं कारण त्यांच्या पोटात होतं आणि ते तिथंच राहिलं होतं.

आता ज्याच्याकडे कपड्यांचा एकच जोड आहे, तो धुवायला टाकल्यावर माणसानं बसायचं कसं? त्यासाठी दुकानात एक कपाट होतं. त्यात मागून आणलेले, उरलेसुरले, पण स्वच्छ कपडे असत. त्यांना सगळे 'थांबायचे कपडे' म्हणत. नाडीची विजार, कुणाच्या तरी आजोबांचा सदरा, पुढे हसरं अस्वल असलेला एक लोकरीचा स्वेटर. पडद्यामागे जायचं, ते घालायचे, आपले वाळेपर्यंत चहा पीत बसायचं. आणि दुकानाचा नियम एकच होता. आलेल्याला नाव विचारायचं नाही, कुठून आलात विचारायचं नाही, असं का झालं हे तर मुळीच नाही. काकूंची नणंद दारात बसायची आणि प्रत्येकाला दोनच शब्द बोलायची, "आधी कपडे." नणंद वयानं मोठी, कानानं जरा कमी आणि नियमाला काकूंपेक्षाही पक्की.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना मशीननं धाप टाकायला सुरुवात केली. मिस्त्री दर वेळी उघडायचा, आत डोकावून चुकचुकायचा. शेवटी म्हणाला, "काकू, आता ह्याला त्रास देऊ नका." नवं मशीन काकूंच्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेरचं होतं. मिस्त्रीनंच सांगितलं की एक निधी आहे, अशा छोट्या छोट्या कामांना थोडी मदत देतो. काकूंनी अर्ज केला. मशीन मागितलं, जोडीला एक इस्त्रीचं टेबलही मागून पाहिलं. फक्त एक रकाना कोरा सोडला. त्यात येणाऱ्या माणसांची नावं, वयं आणि त्यांच्यावर ही वेळ का आली, ते लिहायचं होतं.

उत्तर आलं की आमचे प्रतिनिधी सोमवारी भेटीला येतील, कोऱ्या रकान्याबद्दल बोलतील आणि मग निर्णय होईल.

त्या सोमवारी काकूंनी ठेवणीतला पोशाख घातला. "वन्सं, मी कोपऱ्यावर थांबते. साहेबांना गल्ली सापडायची नाही," असं सांगून त्या निघाल्या. साहेब म्हणजे गाडी, गाडी म्हणजे मोठी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ऊन चढलं. गाड्या आल्या आणि गेल्या, एकही थांबली नाही. काकूंचे पाय भरून आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "आपल्या दारी कोण येतंय!" असं पुटपुटत त्या परत फिरल्या.

दुकानात शिरतात तो मशीननं मान टाकलेली. आत सगळ्यांचे कपडे साबणाच्या पाण्यात तसेच, जमिनीवर तळं, आणि बाकावर थांबायच्या कपड्यांतली माणसं बसलेली. टोकाला एक नवीन बाई होती. केस विस्कटलेले, आखूड विजार, अंगात अस्वलाचा स्वेटर.

"ही आत्ताच आली," नणंद म्हणाली. "फुटलेल्या गटाराशी एका टेम्पोनं नखशिखांत चिखल उडवलाय बिचारीवर. काहीतरी सांगत होती, मी म्हटलं, आधी कपडे."

काकूंनी बाह्या वर केल्या आणि ठेवणीतल्या पोशाखानिशी फरशीवर बसकण मारली. एकेक कपडा बादलीत घेऊन हातानं धुवायला लागल्या. एक जाडजूड चादर निघाली, ती काही एकटीला पिळवेना.

"बाई, हात रिकामे आहेत ना? धरा हे टोक."

बाई उठली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि चादरीला पीळ घालू लागल्या. "उलटीकडे फिरवा, उलटीकडे! मी वळवते तिकडेच वळवलंत तर पाणी काय जादूनं पडणार?" बाई हसली, उलटीकडे फिरवलं, पाणी धो धो पडलं. मग जरा वेळानं ती म्हणाली, "इथं कुणी काही विचारतच नाही."

"काय विचारायचं? कपडे मळलेत, एवढं पुरे नाही का?"

"पण मदत देणाऱ्याला कळायला नको, कुणाला दिली ते?"

एरवी काकूंनी फटकारलं असतं. पण पाय दुखत होते, मन खट्टू झालं होतं आणि समोरची बाई पुन्हा भेटेलच असं नव्हतं. नणंदेलाही कधी न सांगितलेलं त्या बोलून गेल्या.

"मी वडिलांच्या घरातून पळाले तेव्हा तुमच्याहून लहान होते. पाठीवर वळ होते. मदत मागायला गेले तर प्रत्येक खिडकीवर पहिल्यापासून सांगायचं. कोणी मारलं, का मारलं, तू काय केलं होतंस. शेवटच्या खिडकीशी पोचले आणि तोंडच उघडेना. परत फिरले, उपाशी झोपले. भुकेचं काही वाटलं नाही हो. सांगायचं मात्र नको झालं होतं."

बाईचा हात थांबला. "धरा नीट, खाली लागेल," काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"आता मशीन गेलं. साहेब यायचे होते, तेही आले नाहीत."

"आले," बाई म्हणाली. "म्हणजे, मीच आले. निधीकडून. बसनं."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निधीचा पाहुणा, आणि त्याला अस्वल घालून चादर पिळायला उभं केलेलं! नणंदेला हे दोनदा ओरडून सांगावं लागलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग? कपडे मळले नव्हते का?"

बाईनं मात्र कामाचं बोलायला घेतलं. आवाज मऊ होता. "काकू, रकाना कोरा असला तर समिती अर्ज बाजूला ठेवते. थोडी नावं तरी द्या. मी आत्ता लिहून घेते."

काकूंनी बाकाकडे पाहिलं. सगळ्या माना खाली गेल्या होत्या. एक म्हातारा तर सदऱ्याचं बटण उगाच लावत होता, काढत होता. मशीन हवं होतं, फार हवं होतं. काकूंनी साबणाचे हात झटकले.

"नाही द्यायची. राहू दे मशीन. हातानं धुवू, जमतील तेवढे."

बाईनं वाद घातला नाही. तिचे कपडे ओलेच होते, म्हणून ती थांबायच्या कपड्यांतच बस पकडायला गेली. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. आपण चूक केली असं त्यांना वाटत नव्हतं, पण सोमवारी अर्धी माणसं मळक्या कपड्यांनीच परत पाठवावी लागणार, हे दिसत होतं.

तसंच झालं. काही सोमवार काकूंनी हात सोलवटेपर्यंत धुतलं आणि उरलेल्यांना पुढच्या वेळी या म्हणून सांगितलं. ते सांगताना त्यांची धारदार जीभ अडखळायची.

मग एका सोमवारी बाई आली. हातात घडी घातलेली विजार आणि अस्वलाचा स्वेटर, धुऊन, इस्त्री करून. इस्त्री लोकरीवर केल्यामुळे अस्वल जरा चपटं झालं होतं. तिच्या मागून दोन हमाल नवं मशीन सांभाळून आत आणत होते.

"टेबल नामंजूर झालं," ती म्हणाली.

"ते जाऊ दे," काकू म्हणाल्या. "पण हे दिलं कसं? रकान्याचं काय झालं?"

"समितीत सगळ्यांनी तेच विचारलं. तिथं येणारी माणसं आहेत तरी कोण, म्हणाले. मी म्हटलं, मी. रकान्यात माझंच नाव लिहिलं."

काकूंनी स्वेटर घेतला, कपाटात ठेवला आणि बाईचे त्या दिवसापासून सांभाळलेले कपडे कडक घडी घालून तिच्या हातात दिले. नणंदेनं चहा आणला. बाई बाकाच्या टोकाला, आपल्या जागेवर, सगळ्यांच्यात जाऊन बसली. तिचं नाव काकूंनी तेव्हाही विचारलं नाही.